डाव्या डोळ्यातली वीज आणि रेटिनाची ओपीडी

विसर्जन होऊन चार दिवस झाले होते. रात्री दिवा न लावता बाथरूमकडे निघाले, तर डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेला पांढरी चंद्रकोर लख्ख चमकली. वाटलं, वीज पडली. गडगडाटाची वाट बघत उभी राहिले. मान वळवली, पुन्हा चमकली. आभाळ कोरडं ठाक.

शेजारच्या वहिनींनी निदान केलं: मिरवणुकीतलं लेझर. चष्म्याच्या दुकानात म्हणाले, नंबर वाढला असेल. फॅमिली डॉक्टरांनी मायग्रेनच्या गोळ्या दिल्या. यात चार दिवस गेले, ते घालवायला नको होते. वय सत्तावन्न, नंबर मायनस साडेसात. माझ्यासारखीनं तर पहिल्याच दिवशी रेटिनावाल्याकडे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या डॉक्टरकडे, जायला हवं होतं.

शेवटी भाचीनं सुचवलेल्या क्लिनिकला फोन केला. 'चमक' आणि 'मायनस साडेसात' ऐकताच रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "काकू, उद्या नको, आजच या." यासाठी पूर्ण मार्क. गाडी चालवत येऊ नका हे मात्र सांगितलं नाही, त्यामुळे स्कूटर तिथेच ठेवून रिक्षानं परतले. दर दहा मिनिटांनी थेंब, असे तीनदा. बुबुळं पुरती मोठी झाल्यावर हातात बारीक अक्षरांचं माहितीपत्रक दिलं. तेव्हा मला स्वतःची बोटंही धड दिसत नव्हती!

डॉक्टरबाई शांत. आधी एकच विचारलं: चमक एकाच डोळ्यात दिसते की दोन्ही? फक्त डाव्यातच दिसायची. मायग्रेनची चमक बहुधा दोन्ही डोळ्यांना दिसते, नागमोडी असते, वीसेक मिनिटं चालते. लेझरनं भाजलं तर सहसा मधोमध डाग दिसतो. मग आडवं झोपवलं, कपाळाला दिवा लावला, हातात भिंग धरलं आणि पापणीवरून एका पातळ दांडीनं डोळा दाबत म्हणाल्या, वर बघा, डाव्या खांद्याकडे बघा. दुखतं, खोटं कशाला बोलू. पण पडद्याच्या अगदी कडेला फाटलंय का, ते असंच नीट दिसतं म्हणे. न सांगता उजवा डोळाही तपासला.

डोळ्याच्या आत अंड्याच्या पांढऱ्यासारखी जेली असते. वयानं ती पातळ होते, आकसते आणि पडद्यापासून सुटताना त्याला ओढते. पडद्याला बिचाऱ्याला उजेडाशिवाय दुसरं काही कळतच नाही, त्यामुळे ओढलं तरी तो 'उजेड' म्हणूनच कळवतो. या सुटण्याला पीव्हीडी म्हणतात. माझा पडदा शाबूत निघाला. फाटला असता तर लेझर करावं लागलं असतं.

बाराशे रुपये घेतले आणि एकही औषध लिहून दिलं नाही. डोळ्याच्या सोनोग्राफीचं मीच विचारलं, तर म्हणाल्या, आतलं सगळं स्वच्छ दिसतंय, कशाला? काळ्या ठिपक्यांचा एकदम पाऊस पडला किंवा कडेनं नजरेवर काळी सावली सरकल्यासारखं झालं, तर रात्री-अपरात्री निघा, असं दोनदा बजावलं. नाहीतर महिन्यानं या.

पाचपैकी चार. एक कापला तो स्कूटरचा आणि वेटिंगमधल्या ठणाणा टीव्हीचा.

महिन्यानं जाऊन आले. चमक जवळपास थांबलीय. एक काळी माशी तेवढी डोळ्यात राहिलीय. काल वरणभातावरून तिला दोनदा हाकललं.