सक्शन बॉटलऐवजी लायनर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत आमच्या आयसीयूत पहाटे पाचला एक काम ठरलेलं होतं. मावशी प्रत्येक बेडमागची सक्शन बॉटल, म्हणजे पेशंटच्या तोंडातून, श्वासनळीतून ओढलेला स्राव जमा होतो ती, काढून स्लूसमध्ये, म्हणजे घाण ओतायच्या खोलीत न्यायच्या. आधी १ टक्का हायपोक्लोराइट घालून २० मिनिटं ठेवायचं, मग ओतायचं, मग ब्रशने घासून पालथी घालायची, हा नियम. शिफ्ट बदलायच्या घाईत २० मिनिटांची कधी पाच व्हायची. स्लूस तुंबलेला असला, तर एखादी बॉटल हात धुवायच्या सिंकमध्येही रिकामी व्हायची. हे मी इन्चार्ज असताना घडत होतं, म्हणून लिहिताना वाईट वाटतं. एकदा ओतताना मावशींच्या डोळ्यात शिंतोडा उडाला. त्या पेशंटच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतूंच्या तपासणीत, ॲसिनेटोबॅक्टर हा औषधांना सहज दाद न देणारा जंतू आलेला होता. सुदैवाने मावशींना काही झालं नाही. पण त्याच दुपारी मी मेट्रनकडे जाऊन बसले आणि लायनरचा, म्हणजे बॉटलऐवजी वापरून टाकायच्या पिशवीचा, विषय खरेदीच्या यादीत लिहून घेतल्याशिवाय उठले नाही.

आम्ही घेतलेली वस्तू अशी आहे. बाहेर कडक पारदर्शक डबा, तो कायमचा. आत झाकणासकट येणारी पातळ पिशवी, ती एकाच पेशंटची. झाकणावर एक तोंड पेशंटच्या नळीचं, एक व्हॅक्यूमचं. व्हॅक्यूमच्या बाजूला फिल्टर असतो. त्याला द्रव लागला की ओढ बंद होते, म्हणजे स्राव भिंतीतल्या लाइनमध्ये जात नाही. पिशवी भरत आली की दोन्ही तोंडं टोपणांनी बंद करून सगळी उचलायची. आतलं कोणी ओतत नाही, कोणी बघतही नाही.

जुन्या बॉटलमध्ये नेमकं काय राहतं, हे मी बदल होण्याच्या आठवड्यात मुद्दाम पाहिलं. घासून चकचकीत केलेली, सुकलेली बॉटल घेतली आणि झाकणाखालची रबरी रिंग फोर्सेप्सने उचलली. रिंगच्या खाचेत तपकिरी, बुळबुळीत थर होता, नखाने ओढला तर तार यावी इतका. जंतू स्वतःभोवती असा थर धरून बसले की हायपोक्लोराइट वरून वाहून जातं, आत पोचत नाही. सिंकच्या जाळीखालीही असाच थर असतो. तिथे स्यूडोमोनास, क्लेबसिएला यांसारखे जंतू घर करतात आणि वरून पाणी पडलं की शिंतोड्यांबरोबर बाहेर येतात. म्हणजे जिथे आपण हात स्वच्छ करायला जातो, तिथेच आपण बॉटल ओतत होतो. लायनरचा खरा फायदा मला इथे दिसतो. सिंक आता फक्त हात धुवायला आहे.

सुरुवातीचे तीन आठवडे मात्र कठीण गेले. पिशवी डब्यात नुसती ठेवून चालत नाही. झाकण दोन्ही तळव्यांनी चहूबाजूंनी दाबायचं, व्हॅक्यूम चालू करायचा, पेशंटच्या बाजूचं तोंड अंगठ्याने बंद धरायचं. पिशवी फुगून डब्याला चिकटते आणि ‘फट्’ असा आवाज येतो. तो आवाज आला नाही तर पिशवी बसलेलीच नाही. तिसऱ्या आठवड्यात रात्री तीनच्या सुमारास एका पेशंटला उलटी झाली. ब्रदरने यांकॉर, म्हणजे तोंडातला स्राव ओढायची कडक नळी, तोंडात घातला आणि ओढच नाही. झाकणाची एक कड जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढी वर राहिली होती. पेशंटला लगेच कुशीवर केलं, पोर्टेबल मशीन ओढून आणलं, निभावलं. पण ते अर्धं मिनिट मी विसरलेले नाही. तेव्हापासून हँडओव्हरला येणारी सिस्टर स्वतः नळी दुमडून धरते आणि डायलचा काटा चढतो का ते बघते. ही सवय लागणार नसेल तर लायनर घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते.

दुसरी अडचण फेसाची. फुप्फुसात पाणी झालेल्या पेशंटचा फेसाळ स्राव मोजमापाच्या रेघेपर्यंत पोचण्याआधीच फिल्टरला लागतो आणि ओढ बंद होते. पाऊण पिशवी भरली की बदलायची हा नेहमीचा नियम, अशा पेशंटला निम्म्यावरच बदलावी लागते. जादा पिशवी बेडजवळच ठेवा, स्टोअरमध्ये नको.

पिशवीत टाकायची घट्ट करणारी पावडर आम्ही वापरतो. थोड्या वेळात आतला स्राव गार झालेल्या साबुदाण्याच्या खिरीसारखा होतो आणि नेताना सांडत नाही. ही पिशवी कुठल्या रंगाच्या बॅगेत टाकायची, यावर आमच्याकडे दोन बैठका झाल्या. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत पेशंटचा ओढलेला स्राव पिवळ्या वर्गात येतो, नळ्या आणि कॅथेटर लाल बॅगेत. आम्ही कचरा उचलणाऱ्या संस्थेशी आधी बोलून घट्ट झालेली पिशवी पिवळ्या बॅगेत टाकायचं ठरवलं. तुम्हीही आधी विचारा. प्लास्टिक वाढलं हे खरं आहे आणि ते मला खटकतं.

आता जे कंपनीचा माणूस सांगत नाही ते. लायनर स्राव बाहेर आल्यानंतरचं बघतो. पेशंटच्या छातीत जंतू जातात ते आपल्या हातांवरून, कॅथेटरवरून (स्राव ओढायची बारीक नळी) आणि श्वासनळीतल्या ट्यूबभोवतीच्या फुग्याच्या, म्हणजे कफच्या, वर साचलेल्या लाळेतून. व्हेंटिलेटरवर ४८ तास उलटल्यानंतर होणारा न्यूमोनिया एकट्या पिशवीने थांबणार नाही. आम्ही व्हेंटिलेटरच्या पेशंटना क्लोज्ड सक्शनही, म्हणजे व्हेंटिलेटरची नळी न सोडता स्राव ओढायची पद्धत, वापरतो. त्यात सर्किट सुटत नाही, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राहणारा दाब) टिकतो, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, फारसं पडत नाही, आपल्या तोंडावर काही उडत नाही. एवढ्यासाठी ते मला हवंच आहे. पण त्याने न्यूमोनिया कमी होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, तेव्हा त्या आशेवर कोणी घेऊ नये.

लायनर शिकवायच्या निमित्ताने आमची बाकीची पद्धत तपासली गेली, हे मला जास्त मोलाचं वाटतं. ओढीचा दाब ठरवणारा रेग्युलेटर फुल्ल सोडायची सवय सर्रास होती. मोठ्या माणसाला ८० ते १२० एमएमएचजी (पाऱ्याचे मिलिमीटर) पुरतं. त्याहून जास्त ओढलं की श्वासनळीची आतली त्वचा सोलवटते आणि गुलाबी स्राव यायला लागतो. प्रत्येक डायलवर त्या पट्ट्यात हिरवी टेप लावली. कॅथेटर ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको. ८ नंबरच्या ट्यूबला पांढऱ्या टोकाचा १२ फ्रेंच (कॅथेटरच्या जाडीचं माप), ७ ला काळ्या टोकाचा १०. हिरवा १४ हाताशी आला म्हणून घालायचा नाही. आत घालताना ओढ बंद, बाहेर काढताना चालू, आणि सगळं १५ सेकंदांच्या आत. ‘दर दोन तासांनी सक्शन’ ही चार्टवरची ओळ काढून टाकली. छातीत घरघर असेल, व्हेंटिलेटरवरचं प्रेशर वाढलं असेल, सॅच्युरेशन घसरत असेल तेव्हाच करायचं. आत सलाइन सोडायची रीतही बंद केली.

बॉटल धुण्यात जाणारा मावशींचा पहाटेचा तास मोकळा झाला. तो आम्ही तोंडाच्या निगेला दिला. बेडचं डोकं ३० ते ४५ अंशांवर असतंच. मावशी टॉर्च धरतात, सिस्टर मऊ ब्रशने पेशंटचे दात, जीभ, गालाची आतली बाजू घासते आणि सुटलेलं पाणी लगेच ओढून घेते. पूर्वी आम्ही क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा बोळा फिरवून मोकळे व्हायचो. आता दातांना ब्रश करणंच महत्त्वाचं मानतात. कफचं प्रेशर मोजायचं कामही याच वेळी उरकतं, २० ते ३० सेंटिमीटर पाणी. पुढच्या खरेदीत मी कफच्या वरची लाळ ओढणारी जादा नळी असलेल्या ट्यूब मागितल्या आहेत, दोन-तीन दिवसांहून जास्त व्हेंटिलेटर लागेल अशा पेशंटसाठी.

पाच-सहा बेडच्या छोट्या हॉस्पिटलने सगळ्या बेडना लायनर घ्यायची गरज नाही. व्हेंटिलेटर, ट्रॅकी (गळ्यातून श्वासनळीत नळी घातलेले पेशंट) आणि आयसोलेशनच्या बेडपासून सुरुवात करा. घेण्याआधी नमुन्याच्या दोन-चार पिशव्या मागून रात्रपाळीच्या स्टाफकडून बसवून बघा, दुपारी डेमोला आलेल्या माणसाकडून नको. आणि डबे व पिशव्या एकाच कंपनीचे घ्या. आमच्याकडे मध्यंतरी स्वस्त म्हणून दुसऱ्या पिशव्या आल्या. झाकण बसल्यासारखं दिसलं, पण ‘फट्’ काही आला नाही. पूर्ण खोका परत पाठवावा लागला.