"तू फक्त सही कर, हप्ते मी भरते" असं कुणी म्हणालं तर आधी हे वाचा

आमच्या गल्लीत जे झालं ते तुमच्या गल्लीत होऊ नये म्हणून सगळं लिहितेय, जरा मोठं होईल पण पूर्ण वाचा आणि तुमच्या ओळखीतल्या बायकांना वाचून दाखवा.

मी कोल्हापुरात सुभाषनगरच्या बाजूला राहते, घरी बसून कोल्हापुरी चपलेच्या वेण्या घालते, जोडामागं पैसे मिळतात. दिवाळीत, उन्हाळ्यात काम भरपूर असतं पण पावसाळा लागला की चामडं वाळत नाही, पर्यटक पण येत नाहीत, मग मालकाकडनं उचल घ्यायची आणि ती पुढच्या कामातनं फेडत बसायची. शेजारच्या कुणी राजारामपुरीत धुणीभांडी करतात, कुणी मेसमध्ये चपात्या लाटतात, ठरलेला पगार असा कुणालाच नाही. आम्ही तगतो ते भिशीवर. दहाजणींनी महिन्याला हजार टाकायचे, चिठ्ठी निघेल तिला दहा हजार, आणि कुणाच्या घरी दवाखाना निघाला तर चिठ्ठी न काढताच त्या महिन्याचे पैसे तिला. कागद नाही, सही नाही, पण आजवर कुणाचा रुपया बुडालेला नाही.

आम्हाला फसवणारी बाई याच भिशीतनं आत आली. भाड्यानं राहायची, बोलणं गोड, कुणाचं बाळंतपण असलं की डबा घेऊन हजर, सगळ्या तिला वैनी म्हणायच्या. एका पावसाळ्यात, कुणाच्याच हाताला काम नव्हतं तेव्हा, तिनं विषय काढला की माझ्या नावावर आधीच कर्ज आहे म्हणून मला नवीन मिळत नाही, मला मसाल्याचा व्यवसाय वाढवायचाय, तुम्ही गटातनं कर्ज काढा, हप्ते मी भरते, तुम्हाला प्रत्येकीला दोन हजार देते.

मायक्रोफायनान्सचं कर्ज कसं मिळतं ते बऱ्याच जणींना माहीत असेल, तारण काही लागत नाही, पाच-दहा बायकांचा गट करतात आणि एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा. मीटिंग तिच्याच घरी झाली. कर्जाच्या कंपनीचे साहेब आले, आधार घेतलं, मोबाईलवर ओटीपी आला तो विचारला, दारात उभं करून एकेकीचा फोटो काढला, "कर्ज कशासाठी" असं विचारल्यावर आम्ही शिलाई मशीन म्हणायचं हे तिनं आधीच शिकवून ठेवलेलं. माझ्या खात्यावर 40 हजार आले आणि त्याच दुपारी ती मला एटीएमला घेऊन गेली. दोन हजार माझ्या हातात, बाकी तिच्या पर्समध्ये. आमची सगळ्यांची हप्त्याची कार्डं पण तिनं स्वतःकडंच एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली, म्हणाली तुमच्या घरी हरवतील.

सुरुवातीचे हप्ते तिनं अगदी वेळेवर भरले आणि खरा डाव तिथंच होता, कारण ते बघून आमच्या मागनं दुसऱ्या गल्लीतल्या बायका पण तयार झाल्या, अगदी सुतारवाड्यातल्या, ज्यांची घरं 2019 आणि 2021 च्या पुरात पाण्याखाली गेली होती आणि ज्यांना पैशाची लई निकड होती. नंतर कळलं की नव्या बायकांच्या कर्जातनं ती जुन्यांचे हप्ते भरत होती. नव्या मिळायच्या थांबल्या तशी एका रात्रीत खोली रिकामी करून गेली, घरमालकाचं भाडं सुद्धा बुडवून.

हप्ता महिन्याला 2100 च्या घरात. लाडकी बहीणचे 1500 रुपये खात्यावर आले की हप्त्यापोटी कापून जायचे, हातात काहीच नाही. एकीनं मंगळसूत्राच्या वाट्या गहाण टाकल्या, एकीनं पोरीचा क्लास बंद केला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ज्या बायका एकमेकींच्या अडीनडीला धावायच्या त्याच गटाच्या हप्त्यावरनं दारात भांडायला लागल्या. आमची भिशी त्यातच मोडली. पैसे फेडता येतील, पण या गोष्टीचा मला जास्त राग आहे.

लोक म्हणतात सही करताना कळत नव्हतं का. घरात तांदूळ नसताना ओळखीच्या बाईनं दोन हजार पुढं केले की कुणीही घेईल, दोष फसवणारीचा आहे.

आता कामाचं. सही आणि ओटीपी ज्याचा, कर्ज त्याचंच, कंपनी दुसऱ्या कुणाला ओळखत नाही. कर्जाचे पैसे कुणाच्याही हातात देऊ नका, कार्ड स्वतःजवळ ठेवा, दर हप्त्याची पावती घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमाप्रमाणं घरातल्या सगळ्यांच्या कर्जाचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नकोत, आणि वसुलीला सकाळी 9 च्या आधी, संध्याकाळी 6 नंतर यायचं नाही, शिवीगाळ करायची नाही. आमच्याकडं रात्री यायचे, एकीनं हा नियम तोंडावर सांगितल्यावर बंद झाले. कंपनीकडं लेखी तक्रार करून 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, माहितीसाठी नंबर 14448.

पोलिसात एकटीनं जाऊ नका. आमच्यातली एक आधी एकटी गेली तर तिला हा आपसातला व्यवहार आहे म्हणून परत पाठवलं. मग आम्ही सगळ्या मिळून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो, तिथं बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, फोन 15100. वकील मॅडमनी भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा अर्ज लिहून दिला, खात्याचे उतारे आणि तिच्या व्हॉट्सॲप मेसेजचे फोटो जोडले, तेव्हा कुठं गुन्हा दाखल झाला. तिचा पत्ता अजून लागलेला नाही. हप्ते चालू आहेत.

तुमच्याकडं असं काही झालं असेल तर फसवणारीचे मेसेज डिलीट करू नका, आणि अर्ज कसा लिहायचा ते हवं असेल तर मला विचारा, आमच्या अर्जाची नक्कल नावं झाकून पाठवते.