रेक्याविकला थांबावं की लिस्बनला?
युरोपातून अमेरिकेला जाताना वाटेत आणखी एक देश बघायचा असेल, तर आइसलँडएअर ही विमान कंपनी आइसलँडमध्ये 7 दिवसांपर्यंत थांबू देते. पोर्तुगालची विमान कंपनी टॅप लिस्बन किंवा पोर्तोला 10 दिवसांपर्यंत. थांब्यासाठी जादा विमानभाडं दोघीही घेत नाहीत.

हाताशी दोनच दिवस असतील तर मी डोळे झाकून लिस्बन घेईन. विमानतळावरूनच मेट्रो मिळते. सामान खोलीवर टाकलं की अल्फामा या जुन्या वस्तीच्या चढत्या गल्ल्या, पिवळी ट्राम आणि खाली पसरलेली तेजो नदी. आइसलँडचा केफ्लाविक विमानतळ मात्र राजधानी रेक्याविकपासून सुमारे 50 किलोमीटर. शिवाय आइसलँडचं खरं सुख शहराबाहेर, गाडी घेऊन धबधब्यांमागे फिरण्यात. त्याला चार-पाच दिवस हवेतच. राहणं-खाणंही तिथे बरंच महाग.

दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यामुळे व्हिसा लागत असेल तर आधीच काढा.