मनालीची भाड्याची मोटरसायकल आणि तुर्तुकला न पोहोचलेला प्रवास

मनालीहून मोटरसायकल भाड्याने घेऊन लडाखला जाण्याचा बेत ज्यांच्या मनात आहे, त्यांनी कोणालाही आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी आमचा अनुभव वाचावा, यासाठी मी हे लिहीत आहे. आम्ही दोघे शाळेपासूनचे मित्र, सातारा जिल्ह्यातले, पन्नाशीच्या आसपासचे. आमचे ३१,४०० रुपये गेले. ती रक्कम आम्हाला लहान नाही, पण त्याहून अधिक लागले ते वेगळेच, आणि ते सांगायचे तर मित्राच्या वडिलांपासून सुरुवात करावी लागेल.

मित्राचे वडील सैन्यात वाहनचालक होते आणि १९७१ च्या युद्धानंतर काही काळ त्यांची नेमणूक लडाखमधल्या नुब्रा खोऱ्यात होती. श्योक नदीच्या काठावरचे तुर्तुक हे बाल्टी लोकांचे गाव त्याच युद्धात, डिसेंबर महिन्यात, मेजर चेवांग रिंचेन यांच्या नेतृत्वाखालील लडाख स्काउट्स या सैन्यदलाने पाकिस्तानकडून घेतले होते. तिथल्या जर्दाळूच्या बागा, दगडी घरे आणि पाण्याचे पाट यांचे वर्णन वडील इतक्या वेळा करत की आम्हा मुलांनाही ते पाठ झाले होते. तुर्तुक पर्यटकांसाठी २०१० मध्ये खुले झाले, पण वडिलांचे पुन्हा जाणे झाले नाही. ते गेल्यानंतर मित्राने ठरवले की आपण तरी ते गाव पाहून यायचे, आणि रस्त्यानेच जायचे, कारण वडील रस्त्यानेच गेले होते. गाड्यांची व्यवस्था मी अंगावर घेतली. त्यामुळे पुढे जे घडले त्यातला माझा वाटा मी नाकारत नाही.

मनालीतल्या एका दुकानाची माहिती मला ओळखीच्या ओळखीतून मिळाली. दुकानदार फोनवर अतिशय आपुलकीने बोलत असे. दोन बुलेट, १२ दिवस, प्रत्येकी १,६०० रुपये रोज, म्हणजे ३८,४०० रुपये भाडे ठरले आणि त्यांपैकी १०,००० मी साताऱ्यातूनच यूपीआयने पाठवले. नुब्रा, तुर्तुक आणि पँगाँग अशी तिन्ही नावे घेऊन मी त्याला विचारले होते की मनालीची गाडी तिथे चालते का. त्याचे उत्तर होते, ‘भाईसाहब, सगळीकडे चालते, परमिट मी देतो, तुम्ही फक्त या.’ मी हे लेखी मागितले नाही. आमची परतीची बस कोणत्या दिवशी आणि किती वाजता आहे, हेही त्याने त्याच संभाषणात विचारून घेतले. तेव्हा मला तो काळजीचा भाग वाटला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही मनालीत पोहोचलो. दुकानात उरलेले भाडे, प्रत्येकी १५,००० रुपये अनामत आणि ‘लडाख परमिट’ म्हणून प्रत्येकी १,५०० रुपये अशी रक्कम रोख घेण्यात आली. पावती एकाच कागदावर होती आणि तीवर परमिटच्या पैशांचा उल्लेख नव्हता. आमचे मूळ वाहन परवाने त्याने ठेवून घेतले आणि रस्त्यात कोणी विचारलेच तर डिजिलॉकरमधला परवाना दाखवा, तो चालतो, असे सांगितले. ते खरे असल्यामुळे आम्हाला त्यात वावगे वाटले नाही. परंतु मूळ परवाना ही आमची गरज होती आणि ती आम्ही स्वतः त्याच्या हातात दिली. मी गाडीचे फोटो काढू लागलो, तेव्हा त्याच्या माणसाने ‘आपण घरचीच माणसे’ म्हणत मला थांबवले आणि स्वतःच्या फोनवर डाव्या बाजूने एक छोटी चित्रफीत काढली.

निघताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. लेहच्या पुढे कोणी अडवले तर गाडी भावाची आहे असे सांगा. मित्राने लगेच विचारले, ‘परमिट आहे तर खोटे कशाला सांगायचे?’ तो म्हणाला की ही केवळ पद्धत आहे. त्या क्षणी आम्ही गाड्या परत करायला हव्या होत्या. १०,००० रुपये गेले असते आणि बाकी सारे वाचले असते. तसे आम्ही केले नाही, कारण प्रवासाचा उत्साह होता आणि पैसे मोजून झाले होते.

मित्राला दिलेल्या गाडीची नंबरप्लेट पांढरी होती आणि माझ्या गाडीची काळी, पिवळ्या अक्षरांची. गोव्यात भाड्याच्या स्कूटरवर अशी काळी पाटी आपण नेहमी पाहतो. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याच्या वाहनाची ती खूण आहे. पांढरी पाटी म्हणजे खाजगी वाहन. ते भाड्याने देणे बेकायदेशीर आहे, आणि अशा वाहनाचा अपघात झाला तर विमा कंपनीला भरपाई नाकारायला भक्कम आधार मिळतो. ही गोष्ट मला माहीत होती, पण त्या सकाळी माझे लक्ष गाडीच्या टायरांकडे होते, पाटीकडे नव्हते.

रस्त्याबद्दल थोडक्यात लिहितो. ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून आम्ही लाहौलमध्ये उतरलो. चंद्रा आणि भागा या नद्या जिथे मिळतात, त्या तांडीच्या पंपावर टाकी भरून घेतली, कारण पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी तिथे आहे. जिस्पा, बारालाचा ला (‘ला’ म्हणजे खिंड), सरचू, गाटा लूप्सची २१ वळणे, पांग आणि टांगलांग ला अशा क्रमाने आम्ही तिसऱ्या संध्याकाळी लेहला पोहोचलो. उंचीची सवय व्हावी म्हणून दोन दिवस तिथे विश्रांती घेतली, आणि सहाव्या दिवशी पहाटे खारदुंग लाच्या दिशेने निघालो.

साउथ पुल्लूच्या नाक्यावर स्थानिक मोटरसायकल संघटनेच्या माणसांनी आम्हाला थांबवले. गाडी कोणाची, हा पहिला प्रश्न होता. मित्राने खोटे सांगितले नाही. मनालीची भाड्याची गाडी आहे, असे त्याने स्पष्ट म्हटले. त्यांच्यातल्या वयस्क गृहस्थांनी आम्हाला चहा दिला आणि शांतपणे समजावले की बाहेरची भाड्याची गाडी लेहपर्यंत यायला आणि परत जायला चालते, परंतु नुब्रा, पँगाँग वगैरे ठिकाणी लेहचीच भाड्याची गाडी लागते, आणि ही गोष्ट मनालीतल्या प्रत्येक भाडेवाल्याला ठाऊक आहे. इथला हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो आणि त्यावर त्यांची वर्षभराची चूल पेटते. मला त्यांचे म्हणणे अन्यायाचे वाटले नाही. आम्ही दाखवलेल्या ‘परमिट’कडे पाहून ते म्हणाले की हा कशाचाच कागद नाही. पर्यावरण शुल्क लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर आपले आपण भरता येते, आणि ते भरल्याने बाहेरची भाड्याची गाडी पुढे नेण्याची मुभा मिळत नाही.

आम्ही लेहला परतलो आणि दुकानदाराला फोन लावला. त्याला आश्चर्य वाटले नाही. पहाटे चारला निघा म्हणजे नाक्यावर कोणी नसते, असे तो आधी म्हणाला. मग सक्तीवरून वारी ला ओलांडून आगमला उतरा, असे सुचवले. आम्ही दोन्ही गोष्टींना नकार दिल्यावर त्याने सांगितले की लेहमध्ये त्याचा माणूस आहे आणि तो उद्या सकाळी दोन गाड्या आणून देईल. सातवा पूर्ण दिवस आम्ही मुक्कामाच्या दारात बसून त्या माणसाची वाट पाहिली. दुपारनंतर दुकानदाराने फोन उचलणे बंद केले. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत क्रूर वाटते ती ही थाप. पैशांचे नुकसान त्याने आधीच करून ठेवले होते. या थापेने त्याला काहीही मिळणार नव्हते, आणि आमचा मात्र एक दिवस गेला, जो मागून मिळणारा नव्हता.

त्याच संध्याकाळी मित्राच्या गाडीचा ब्रेक वाजतो म्हणून आम्ही ती गॅरेजमध्ये नेली. कारागिराने झिजलेले ब्रेक पॅड दाखवले आणि गाडीचा क्रमांक एम-परिवहन या वाहननोंदणीच्या सरकारी ॲपमध्ये टाकून पाहा, असे सुचवले. गाडी खाजगी म्हणून नोंदलेली होती आणि तिचा विमा जानेवारीतच संपला होता. हे तपासायला एक मिनिट लागले. हेच एक मिनिट मी मनालीत दिले असते तर पाच हजार मीटरच्या वरच्या घाटांतून माझा मित्र बिनविम्याच्या आणि अर्ध्या ब्रेकच्या गाडीवर आला नसता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

लेहमध्ये ऐन हंगामात एकच मोटरसायकल मिळाली, २,२०० रुपये रोजाने. आठव्या दिवशी आम्ही दोघे तीवर बसून दिस्कितला गेलो. तिथल्या गोंपाजवळची, म्हणजे बौद्ध मठाजवळची, मैत्रेय बुद्धाची उंच मूर्ती पाहिली. तिथून तुर्तुक ऐंशी-नव्वद किलोमीटर होते. परंतु परतीला तीन दिवस राखून ठेवणे भाग होते आणि नवव्या दिवशी संध्याकाळपर्यंत लेहला पोहोचायलाच हवे होते. सकाळी मित्र श्योकच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर थोडे अंतर चालत गेला आणि परत आला. तो काही बोलला नाही, मीही काही विचारले नाही.

मनालीपर्यंतचा परतीचा प्रवास आम्ही फार सावकाश केला. ब्रेक पॅड आम्ही स्वखर्चाने बदलले होते, पण विम्याचे आम्हाला काही करता येत नव्हते. पांढऱ्या पाटीची गाडी मी चालवायला घेतली. गाटा लूप्स उतरताना समोरून ट्रक आला की मी कडेला थांबत असे.

बाराव्या दिवशी दुपारी दोन वाजता आम्ही दुकानात गाड्या उभ्या केल्या. बस पाचची होती. दुकानदाराने तासभर गाड्यांभोवती फिरून क्लच प्लेट जळाली, सायलेन्सरला पोचा आला, लेग गार्ड वाकला अशी यादी केली आणि ३४,००० रुपये मागितले. सायलेन्सरचा पोचा उजव्या बाजूला होता आणि तो आम्ही गाडी घेतानाच पाहिलेला होता, परंतु त्याची चित्रफीत डाव्या बाजूची होती आणि आमच्याकडे एकही फोटो नव्हता. ज्या कागदावर आम्ही सह्या केल्या होत्या, त्यावर बारीक अक्षरांत लिहिले होते की नुकसानीचा अंदाज दुकानदाराचाच मानला जाईल. मित्र पोलीस चौकीत गेला. तिथे अर्ज लिहून द्या, उद्या त्याला बोलावून घेतो, असे सांगण्यात आले. उद्या आम्ही तिथे असणार नव्हतो, हे दुकानदाराला पहिल्या फोनपासून माहीत होते. साडेचार वाजता त्याने ‘तडजोड’ म्हणून २४,००० ठेवून घेतले आणि ६,००० रुपये व आमचे परवाने परत दिले. परवान्यांसाठी आम्ही तडजोड मान्य केली.

अनामतीचे २४,०००, परमिटच्या नावाखालचे ३,००० आणि लेहच्या गाडीचे ४,४०० असा तो ३१,४०० रुपयांचा हिशेब आहे. लेहमध्ये पडून राहिलेल्या गाड्यांचे भाडे मी त्यात धरलेले नाही.

घरी आल्यावर बहुतेकांनी सांगितले की हिमाचलला कोर्टाच्या चकरा कोण मारणार, सोडून द्या. माझी विनंती आहे की अशा प्रसंगी सोडून देऊ नये, कारण हा सगळा व्यवहार गिऱ्हाईक दूर राहते या भरवशावर चालतो आणि तो भरवसा आता कायद्याने राहिलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, मग दुकान कुठेही असो. मोबदल्याची, म्हणजे सेवेसाठी मोजलेली, रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आम्हाला व्यवस्थित माहिती मिळाली. यूपीआयचा व्यवहार, व्हॉट्सॲपवरचे त्याचे संदेश, ती पावती, तो ‘परमिट’ आणि विम्याच्या नोंदीचा स्क्रीनशॉट हे पुरावे जोडले. फोनवरचे बोलणे आमच्याकडे नाही. तुर्तुकविषयीचा प्रश्न मी लिहून विचारला असता तर त्याचे उत्तरही आज कागदावर असते.

तक्रार सातारा जिल्हा आयोगात दाखल झाली आहे. मसुदा पाहणाऱ्या वकिलांनी एक वाक्य काढून टाकायला सुचवले होते, कारण त्याचे मूल्य रुपयांत ठरवता येणार नाही. मित्राने ते काढू दिले नाही. नुकसानीच्या परिच्छेदात, रकमांच्या खाली, ते वाक्य तसेच आहे: ‘तक्रारदारास दिस्कित येथून परत फिरावे लागले.’