मेरठची दहा इंची कैची आणि सोबत ह्यांचा पाइप कटर, आठ महिने वापरून सांगते

आधी कैची का घ्यावी लागली ते सांगते कारण त्याशिवाय या रिव्ह्यूला अर्थ नाही. मी चोपड्याजवळच्या गावात घरीच ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते, लग्नसराईत दिवसाला चार-पाच ब्लाउज कापावे लागतात. आमच्या यांची केळीची बाग आहे, ठिबक आहे, म्हणजे घरात दोघांनाही रोज काहीतरी कापायचं असतंच. आणि कैची एकच होती, माझी.

मागच्या हिवाळ्यात यांनी शेतात जाताना माझी कैची पिशवीत टाकून नेली आणि सोळा एमएमच्या नळ्या तिने कापल्या, वर बाइंडिंगची तारपण कापली. मला सांगितलं नाही, मुद्दाम नाही, यांच्या लक्षातच आलं नाही की यात सांगण्यासारखं काही आहे. संध्याकाळी मी एका बाईचं सॅटिनचं अस्तर कापायला घेतलं आणि टोकापासून दीडेक इंचावर कैची अडकली. पुन्हा उघडली, पुन्हा तिथेच. कापड कापलं जात नव्हतं, पात्यात घडी होऊन चिमटलं जात होतं आणि एक धागा ओढला जाऊन पूर्ण पन्हाभर रेघ उमटली. पातं खिडकीच्या उजेडात धरलं तर धारेवर तांदळाच्या कणीएवढी खाच. मी रडलेच. हे म्हणाले, "एकच नळी कापी, कैचीले काय व्हयनं?"

तर काय होतं ते लिहिते कारण बऱ्याच घरी हे माहीत नसतं. कैचीची दोन पाती एकमेकींना पूर्ण चिकटून नसतात, ती आतून जराशी पोकळ, धनुष्यासारखी असतात, आणि बंद करताना दोन धारा एका वेळी एकाच बिंदूवर भेटत पुढे सरकतात. तारेने त्या वाटेत एक खाच पाडली की तिथे भेट होत नाही, कापड निसटतं. नळीला चिकटलेल्या मातीने आणि क्षाराने उरलेली धार खरवडते. कागदानेसुद्धा धार जाते, कागदात खडूसारखी पूड मिसळलेली असते म्हणून, त्यामुळे पोरांच्या प्रोजेक्टलापण कापडाची कैची देऊ नका. मग मी ती सायकलवर येणाऱ्या धारवाल्याकडे दिली, त्याने बाहेरच्या उताराबरोबर आतली सपाट बाजूपण चाकावर घासली. धार फक्त बाहेरच्या उतारावर लावायची असते, आतून घासलं की ती पोकळी जाते आणि पाती जुळतच नाहीत. माझी कैची तिथे संपली.

नवीन जळगावला फुले मार्केटजवळच्या शिलाई सामानाच्या दुकानातून आणली, मेरठची, पितळी मुठीची, 650 रुपयाला. मेरठच्या कैचीला 2013 ला जीआय, म्हणजे त्या गावची खास वस्तू म्हणून भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, आपल्या जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला 2016 ला मिळालं तसंच. दुकानात मी अस्तराचा तुकडा सोबत नेला होता, एकपदरी धरून फक्त टोकाने कापून बघितला. कैची टोकापर्यंत कापते का हेच बघायचं असतं, मधोमध तर कोणतीही कापते. चार उघडून बघितल्या, तिसरी घेतली.

आठ महिन्यांत टू बाय टूचे, म्हणजे ब्लाउजच्या सुती कापडाचे, चार पदर एकदम कापले, काठपदरचे जाड काठ कापले, अजून टोक तसंच आहे. खालची मूठ वाकवलेली असल्याने पातं टेबलाला टेकून सरकतं, कापड उचललं जात नाही, ब्लाउजच्या कटोरीचा गोल आकार एकदम बरोबर येतो. आता कमी काय ते. जड आहे, पहिले पंधरा दिवस अंगठ्याच्या मुळाशी दुखलं, मी मुठीला सुती पट्टी गुंडाळली. पितळेचा काळा रंग हाताला लागतो, तोच पांढऱ्या कापडाला लागू शकतो, म्हणून पट्टी हवीच. स्क्रू महिन्याभरात सैल झाला होता, पाव आटा फिरवला. पावसाळ्यात मशीनचं तेल लावून पुसून ठेवली नाही तर गंज धरते. आणि डावखुऱ्यांनी ही घेऊ नका, त्यांच्यासाठी पाती उलट लागतात.

त्याच दिवशी यांना दाबून कापायचा पाइप कटर घेतला, 260 रुपये. आधी हे नको म्हणत होते, एका घरात दोन काय करायचे. पण कैचीने नळी आधी चपटी होते आणि मग तिरपी कापली जाते, नळ्या जोडायच्या जॉइनरमध्ये नीट बसत नाही, पाणी गळतं. कटरने काप सरळ येतो. आता हेच सांगतात की गळती थांबली. त्याचं पातं मात्र तारेसाठी नाही, तारेला पक्कड वापरायची.

चूक माझीपण होती हे लिहायलाच हवं. यांचा वीज आहे का बघायचा टेस्टर मी वर्षानुवर्षे मसाल्याच्या डब्याचं घट्ट झाकण उघडायला घ्यायची. टेस्टरच्या आत एक रेझिस्टन्स असतो, तो आहे म्हणून बोट लावलं तरी शॉक बसत नाही, आणि झाकणावर जोर देऊन त्याचं प्लास्टिक तडकलं होतं. यांनी तोच टेस्टर मोटारीच्या स्टार्टरला लावला असता तर, हा विचार आला की अजून पोटात गोळा येतो. दुसऱ्या दिवशी नवीन आणला, झाकणाला चमच्याचा दांडा वापरते.

हत्यारांसारखंच घरात प्रत्येकाचं दाढीचं ब्लेड आणि नेलकटर तर वेगळं हवंच, रक्ताच्या बारीक थेंबातून कावीळ बी आणि सी पसरते. टॉवेलपण वेगळा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने नायटा झाला की एका टॉवेलने घरभर होतो.

कैचीला पाचपैकी साडेचार, वजनाचा अर्धा कापला. कटरला चार. माझी कैची शिलाई मशीनच्या खणात सॅटिनच्या पिशवीत असते, यांचा कटर शेताच्या पिशवीत. जुनी कैची मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगलीय, खताच्या गोण्यांची सुतळी कापायला.