घरचा वजनकाटा आणि भरवशाचा आकडा: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या आषाढात डॉक्टरांनी रक्तातील साखर आणि कमरेचा घेर पाहून मला वजन उतरवायला सांगितले आणि त्याच आठवड्यात आम्ही घरासाठी डिजिटल वजनकाटा घेतला. तो आता आमच्या नाशिकच्या घरात पावसाळा, दिवाळी आणि कडाक्याची थंडी पाहून उन्हाळ्याला लागला आहे. चार पायांचा, वरून कडक काचेचा, १८० किलो क्षमतेचा आणि १०० ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवणारा असा हा साधा काटा आहे. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण या किमतीतील बहुतेक काट्यांची आतली रचना सारखीच असते आणि माझा अनुभव त्या रचनेविषयीचा आहे. वजन उतरवणाऱ्या माणसाला ग्रॅमापर्यंत अचूक काट्यापेक्षा रोज एकसारखा वागणारा काटा हवा असतो, आणि हा एकसारखेपणा बराचसा आपल्या वापरावर अवलंबून असतो, हे मला या काळात पुरते पटले आहे.

आधी रचनेविषयी थोडे सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. काट्याच्या प्रत्येक पायात एक लोड सेल, म्हणजे भार पडल्यावर किंचित वाकणारी धातूची पट्टी असते. तिच्यावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा, म्हणजे ताण ओळखणाऱ्या बारीक तारेच्या पट्टीचा, विद्युत रोध त्या वाकण्याबरोबर अगदी थोडासा बदलतो आणि चारही पायांची मिळून होणारी व्हीटस्टन ब्रिजची जोडणी त्या सूक्ष्म बदलाचे विजेच्या संकेतात रूपांतर करते. पडद्यावर दिसणारा आकडा हा चार पायांवर विभागून पडलेल्या भाराची बेरीज असतो. त्यामुळे चारही पाय कडक, सपाट आणि समतल जागेवर नीट टेकलेले असणे ही पहिली अट ठरते. सतरंजी, गालिचा किंवा रबरी पायपुसणे यांवर काटा ठेवला की पाय त्यात रुततात, कधी काट्याचा तळच खाली टेकतो आणि भाराचा काही भाग लोड सेलकडे पोहोचतच नाही.

याच कारणाने, इंग्रजीत या वस्तूला बाथरूमचा काटा म्हणत असले तरी आपल्याकडच्या न्हाणीघरात तो ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या न्हाणीघराच्या फरशीला जाळीकडे पाणी वाहून जाण्यासाठी मुद्दाम उतार दिलेला असतो आणि तिथे ओलही कायम असते. आमच्या जुन्या घरात तर मागच्या खोल्यांना शहाबादी फरशी आहे. तिच्या दोन लाद्यांच्या सांध्यावर काटा आला की एक पाय अधांतरी राहतो. काटा ठेवून समोरासमोरचे कोपरे बोटांनी आळीपाळीने दाबले की तो डुगडुगतो का हे लगेच कळते, आणि उतार पाहण्यासाठी मुलाच्या खेळण्यातली काचेची गोटी फरशीवर ठेवली की पुरते. ती जागची हलली नाही, अशी जागा आम्हाला शेवटी दिवाणखान्यात, कपाटाच्या शेजारी, गुळगुळीत टाइल्सवर सापडली. काट्याच्या पुढच्या दोन पायांपाशी मी पेन्सिलीने बारीक खुणा केल्या आहेत. झाडताना काटा हलला तरी तो पुन्हा त्याच खुणांवर येतो.

जागा बदलल्यानंतर किंवा काटा उभा करून ठेवल्यानंतर त्यावर थेट उभे राहू नये. अशा वेळी आतल्या यंत्रणेने धरलेले शून्य जुन्या स्थितीतले असते. काटा आडवा ठेवून पायाने हलकेच दाबावा, पडद्यावर ०.० येऊ द्यावे, तो आपोआप बंद होऊ द्यावा आणि मगच वजन करावे. माझ्या काट्यात असे केल्यावर आणि न केल्यावर येणाऱ्या आकड्यांत चांगलाच फरक दिसत असे. उभे राहण्याचीही रीत ठरवून घ्यावी: दोन्ही पावले काचेच्या मध्यापासून सारख्या अंतरावर, नजर समोर, हात बाजूला, आणि आकडा स्थिर होईपर्यंत खाली वाकायचे नाही. माझ्या सासूबाईंना तो आकडा उभ्याने वाचता येत नाही, म्हणून त्यांचा आकडा मी वाचते. त्या स्वतः वाकून पाहू लागल्या की भार पंज्यांवर सरकतो आणि आकडा हलू लागतो.

आता ज्या गोष्टीची माहिती वेष्टनावर कुठेही नव्हती, तिच्याविषयी. लागोपाठ तीनदा वजन केले आणि तिन्ही वेळा दशांशासह तोच आकडा आला की काटा उत्तम आहे असे वाटते. पुष्कळ डिजिटल काटे मात्र मागचे वजन लक्षात ठेवतात आणि नवे वजन त्याच्या अगदी जवळ असेल तर मोजलेला आकडा बाजूला ठेवून जुनाच दाखवतात. ग्राहकाला काटा स्थिर वाटावा, एवढाच त्यामागचा हेतू दिसतो. आपल्या काट्यात हे आहे का, हे पाहणे सोपे आहे. एकदा वजन करावे, उतरावे, हातात पाण्याने भरलेले फुलपात्र घेऊन पुन्हा उभे राहावे. आकडा जराही वाढला नाही, तर अर्ध्या लिटरची भरलेली बाटली घेऊन पाहावे. माझा काटा फुलपात्राची दखल घेत नव्हता आणि बाटलीला मात्र लगेच जागा झाला. यावर उपाय असा, की खरे वजन करण्याआधी काहीतरी जड वस्तू हातात घेऊन एकदा काट्यावर उभे राहायचे. मी पाच किलोचा पिठाचा डबा घेते. त्यानंतर येणारा आकडा नव्याने मोजलेला असतो. हे न करता रोज वजन केले, तर तीन-चार दिवस एकच आकडा दिसतो आणि मग एका सकाळी तो एकदम उडी मारतो. त्या उडीचा शरीराशी काही संबंध नसतो, पण ज्याने आदल्या रात्री पोट मारून जेवण टाळले आहे त्याचे मन त्या उडीने नक्कीच खचते.

काटा मुळात बरोबर दाखवतो का, हे तपासण्यासाठी ठाऊक वजनाची वस्तू लागते. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार सर्वांत सोयीचा, कारण एक लिटर पाण्याचे वजन व्यवहारात एक किलो धरता येते. रिकाम्या जारचे वजन तेवढे वेगळे मिळवावे लागते. मी आणखी खात्रीसाठी आमच्या किराणा दुकानदारांना विचारून गव्हाचे भरलेले पोते त्यांच्या मोठ्या काट्यावर तोलून घेतले आणि तेच घरी आणून आमच्या काट्यावर ठेवले. दुकानातील काट्याची वैधमापन विभागाकडून ठरावीक मुदतीने पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसत असतो, म्हणून तो आधाराला धरायला योग्य. आमचा काटा किंचित जास्त दाखवतो असे निघाले. तो काटा मी बदलला नाही, कारण तो रोजच तेवढेच जास्त दाखवतो, आणि मला हव्या असलेल्या गोष्टीत, म्हणजे या महिन्याच्या आणि मागच्या महिन्याच्या वजनातील फरकात, ती वाढ दोन्हीकडून वजा होऊन जाते. याच कारणासाठी घरचा आकडा दवाखान्यातल्या किंवा व्यायामशाळेतल्या आकड्याशी जोडून पाहू नये.

काट्याची बाजू इतकी सांभाळल्यावरही आकडा वरखाली होतोच, आणि ही वरखाल काट्याच्या चुकीपेक्षा पुष्कळ मोठी असते. निरोगी माणसाचे वजन एका दिवसात एक-दोन किलोने सहज हलते. प्यायलेले पाणी, पोटातले अन्न, घाम, शौच, सगळे त्या आकड्यात येते. म्हणून वजन सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहापाण्याच्या आधी आणि रोज तेवढ्याच हलक्या कपड्यांत करावे. अंघोळीनंतर केले तर ओल्या केसांचे पाणीही तोलले जाते, आणि लांब केस असतील तर ते काही अगदीच थोडे नसते.

नाशिकमध्ये राहणाऱ्याला मिसळीचा उल्लेख टाळता येणार नाही. रविवारी सकाळी मिसळ खाल्ली, वर दोनदा रस्सा घेतला, पापड घेतला आणि सोमवारी काटा सव्वा किलो जास्त दाखवू लागला, असा प्रसंग या शहरात वजन उतरवणाऱ्या प्रत्येकावर येत असेल. इथे साधा हिशेब करावा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात, म्हणजे एका दिवसात खरोखर सव्वा किलो चरबी वाढायची तर रोजच्या गरजेहून सुमारे साडेनऊ हजार किलोकॅलरी जास्त खाव्या लागतील, आणि तेवढी मिसळ कोणालाही जात नाही. वाढलेले वजन बहुतेक पाण्याचे असते. रश्श्यातले मीठ शरीरात पाणी धरून ठेवते आणि दोन-तीन दिवस नेहमीचे जेवण घेतले की ते उतरते. दिवाळीत चकली आणि चिवड्याने हेच होते. फराळात चरबी वाढवणारे तेल-तूपही भरपूर असते, ही गोष्ट वेगळी, पण दुसऱ्या दिवशी काट्यावर दिसते ते मुख्यतः मीठ आणि पाणी.

याच्या उलट बाजूला पहिल्या आठवड्यातील आनंद असतो. भात, पोळी आणि साखर एकदम कमी केली की यकृतात आणि स्नायूंत साठलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर, वापरले जाते, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. हा साठा काही शे ग्रॅमचा असल्याने तो रिकामा होऊ लागताच दीड-दोन किलो वजन झपाट्याने उतरते. पुढे हा वेग राहत नाही, आणि नेमके तेव्हाच पुष्कळ लोक निराश होऊन सोडून देतात. मला हे कोणीतरी आधी सांगायला हवे होते असे मनापासून वाटते, म्हणून ते इथे लिहून ठेवत आहे.

स्त्रियांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाळीच्या आधीच्या काही दिवसांत अनेकींच्या अंगात पाणी धरले जाते आणि पाळी सुरू झाल्यावर ते उतरते. आहार आणि चालणे अगदी नेमाने सुरू असतानाही त्या आठवड्यात आकडा वाढलेला दिसू शकतो. त्या दिवसांची तुलना मागच्या आठवड्याशी करणे अन्यायाचे आहे. ती मागच्या पाळीतल्या त्याच दिवसांशी करावी. मी असे करू लागल्यापासून महिन्यातील तो एक आठवडा मला शांतपणे काढता येतो.

आकडे मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिते. ज्या चौकटीत दुधाचा हिशेब असतो, तिच्याच वरच्या कोपऱ्यात वजन. दर रविवारी सात आकड्यांची बेरीज करून सातने भागते आणि फक्त ती सरासरी लाल शाईने लिहिते. मार्गशीर्षातल्या एका आठवड्यातील नोंदी अशा होत्या: ७८.४, ७८.९, ७८.१, ७८.६, ७९.३, ७८.८, ७८.२. त्यांची सरासरी ७८.६ येते. पुढचा आठवडा असा होता: ७८.५, ७८.०, ७८.३, ७७.८, ७८.७, ७८.२, ७७.९, आणि सरासरी ७८.२. दुसऱ्या आठवड्यातला ७८.७ हा आकडा पहिल्या आठवड्यातल्या ७८.१ पेक्षा जास्त आहे. या दोनच दिवशी वजन केले असते तर सहाशे ग्रॅम वजन वाढले, असा निष्कर्ष निघाला असता. प्रत्यक्षात आठवड्याला चारशे ग्रॅमची घट सुरू होती, म्हणजे रोज सुमारे ४४० किलोकॅलरींची तूट. माझ्या वयाला आणि रोजच्या दगदगीला ही गती मला योग्य वाटते. आठवड्यातून एकदाच वजन करावे असा सल्ला सर्रास दिला जातो, पण एका दिवसाचा आकडा मिसळीचा आहे की चरबीचा, हे त्यातून कळण्याचा मार्गच राहत नाही. रोजच्या आकड्याने ज्यांना मनस्ताप होतो त्यांनी घरातल्या दुसऱ्या कोणाकडून तो लिहून घ्यावा आणि स्वतः रविवारची सरासरी तेवढी पाहावी.

चरबीचे प्रमाण दाखवणाऱ्या काट्यांविषयी नेहमी विचारले जाते. माझ्या नणंदेकडे तसा काटा आहे आणि मी तो बराच वापरून पाहिला. काचेवरच्या धातूच्या पट्ट्यांतून तळपायांवाटे अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडून शरीराचा रोध मोजला जातो आणि उंची, वय, लिंग यांच्या सूत्रात तो घालून चरबीचा अंदाज काढला जातो. प्रवाह एका पायातून वर जाऊन दुसऱ्या पायातून परत येतो, त्यामुळे पोटाभोवतीच्या चरबीविषयी तो फारसे सांगू शकत नाही, आणि आपल्याकडे मधुमेहाच्या दृष्टीने काळजीची चरबी तीच असते. तळपाय कोरडे की ओले, पाणी प्यायले की नाही, यानेही आकडा बदलतो. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने असा काटा वापरू नये आणि गरोदरपणातही तो टाळावा. माझ्या मते दोन-तीनशे रुपयांची ती वाढीव रक्कम वाचवून शिंप्याकडची साधी मोजपट्टी घ्यावी. भारतीय स्त्रियांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर मानली जाते. वजनाची सरासरी जागची हलत नसताना घेर कमी झालेला मला दोनदा दिसला आहे, आणि तो दिसला नसता तर मी त्या दोन्ही वेळा जेवण आणखी कमी केले असते.

थंडीचा अनुभव थोडक्यात. निफाडकडून गारठ्याच्या बातम्या येऊ लागल्या, त्या दिवसांत काटा रात्री गॅलरीत राहिला की सकाळी आकडा स्थिर व्हायला वेळ घेई आणि बॅटरी कमी असल्याची खूणही दिसे. खोलीत आणून काही वेळ ठेवला की दोन्ही तक्रारी जात. तेव्हापासून तो घरातच असतो. बॅटरी नाण्यासारखी चपटी आहे. ती अशक्त झाली की आकडे बिघडण्याआधी काही दिवस काटा उशिरा जागा होतो, तेव्हाच बदललेली बरी. काच पुसायला किंचित ओले फडके पुरते, पाणी ओतू नये.

नवा काटा घेणाऱ्यांनी दुकानातच टणक फरशीवर तो ठेवायला लावावा, आधी पडद्यावर शून्य येऊ द्यावे, मग उभे राहावे, उतरून अर्ध्या लिटरची बाटली हातात घेऊन पुन्हा उभे राहावे आणि शेवटी काचेच्या एका कडेकडे सरकून वजन करून पाहावे. बाटलीचे वजन दिसले आणि कडेला उभे राहिल्यावर आकडा दोनशे ग्रॅमांपेक्षा जास्त हलला नाही, तर तो काटा खुशाल घ्यावा.