कॅनन ईओएस १५००डी: आठ महिने एम मोडवर

सोबत येणारी १८-५५ मिमी किट लेन्स लावून हा कॅमेरा आठ महिने जवळजवळ फक्त एम, म्हणजे मॅन्युअल मोडवर (उजेडाचं सगळं आपणच ठरवायचं) वापरून झाला. मॅन्युअल शिकायला तो नक्कीच चांगला आहे. फक्त त्याचा उजेड मोजणारा मीटर काय सांगतो, हे आधी नीट समजून घ्या; बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

व्ह्यूफाइंडरमधली खूण शून्यावर आणली की फोटो बरोबर, असं नवशिके धरून चालतात. मीटर मात्र समोर जे असेल ते मध्यम करडंच आहे असं मानतो. बीबी का मकबऱ्याचा पांढरा घुमट फ्रेमभर घेऊन खूण शून्यावर ठेवली, तर घुमट मळकट राखाडी येतो. खूण +१ वर न्या, संगमरवर पांढरा दिसेल. वेरूळच्या कैलास लेण्यात नेमकं उलटं होतं. फ्रेममध्ये नुसता काळा कातळ असला की मीटर जादा उजेड मागतो आणि बेसाल्ट फिकट पडतो. तिथे −१ ठेवा. ही दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी करावीत, मीटर कायमचा कळतो.

या कॅमेऱ्याला डायल एकच. तो फिरवला की शटर स्पीड, म्हणजे उजेड किती वेळ आत येतो ते बदलतं. अपर्चरसाठी (लेन्सचं उघडं तोंड; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) मागचं एव्ही बटण दाबून धरायचं आणि तोच डायल फिरवायचा. सुरुवातीला बोटं हमखास चुकतात. म्हणून आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) आणि अपर्चर आधी ठरवून टाका आणि फक्त शटर हलवा.

किट लेन्सची एक खोच मात्र कुणी सांगत नाही. १८ मिमीवर एफ/३.५ ठेवून ५५ मिमीपर्यंत झूम केलं की अपर्चर आपोआप एफ/५.६ होतं, म्हणजे उजेड १ स्टॉपहून जास्त घटतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). ऑटोमध्ये कॅमेरा तो भरून काढतो, एममध्ये फोटो काळपट येतो आणि कारण सापडत नाही. एफ/५.६ किंवा त्याहून मोठा आकडा ठेवला की झूम कितीही फिरवा, एक्स्पोजर तेच राहतं.

मराठवाड्याचं दुपारचं ऊन सरावाला उत्तम, कारण ते तासन्‌तास फारसं बदलत नाही. आकाश स्वच्छ असेल तर आयएसओ १००, एफ/१६, १/१२५ पासून सुरुवात करा. तितकाच उजेड एफ/८ आणि १/५०० ला मिळतो, आणि हीच जोडी घ्यावी. एफ/१६ ला बारीक तपशील किंचित मऊ पडतात. उन्हात स्क्रीनवरून फोटोचा अंदाज घेऊ नका. फोटो बघताना डिस्प बटण दाबून हिस्टोग्राम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख काढा. आलेख उजव्या कडेला चिकटला असेल तर पांढऱ्यातला तपशील गेला. शटर एक स्टॉप वेगवान करा. पावसाळ्यात ढग सरकत असतात तेव्हा एमचा हट्ट सोडून सरळ एव्ही मोड घ्यावा; त्यात अपर्चर आपण ठरवतो, शटर कॅमेरा.

अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे आणि ती पाळायलाच हवी. १८ मिमी, एफ/३.५, १/१५, आयएसओ ३२०० पासून सुरू करा, लेन्सवरचं स्टॅबिलायझर चालू, कोपरं छातीला टेकवून, श्वास सोडता सोडता क्लिक. भिंतीचा किंवा खांबाचा आधार अजिबात घेऊ नका. फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा ठेवणाऱ्या फाइलमध्ये काढा. दिव्यांची पिवळी झाक नंतर काढता येते.

जायकवाडीच्या पक्ष्यांसाठी ५५ मिमी अपुरं पडतं. ५५-२५० लावली तरी उडत्या पक्ष्याला १/१००० च्या खाली जाऊ नका: एफ/५.६, आयएसओ ४०० ते ८००, एआय सर्व्हो (हलत्या विषयावर सतत फोकस), आणि फोकसचा फक्त मधला पॉइंट, कारण नऊपैकी क्रॉस-टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा) तेवढाच. वेग सेकंदाला ३ फोटो, त्यामुळे बटण दाबून धरण्यापेक्षा क्षण ओळखणं महत्त्वाचं.

शेवटचं धुळीचं. लेन्स बदलताना कॅमेरा बंद करा, तोंड खाली ठेवा, वाऱ्याकडे पाठ करा. सेन्सरवर धूळ बसली का हे बघायला मोकळ्या आकाशाचा एफ/१६ वर एक फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर ब्लोअर मारा, कापड लावू नका.